बुधवारचं राशिभविष्य आणि नटराजाची अंगठी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दोन महिन्यांपूर्वी एका बुधवारी आपल्या अंकात आदल्या दिवशीचंच राशिभविष्य पुन्हा छापून आलं होतं. बाराच्या बारा राशी, शब्द न् शब्द तोच. गुरुवारी दिलगिरीची छोटी चौकट येईल म्हणून मी सगळी पानं बारकाईनं पाहिली. आली नाही. म्हणजे तुमच्याकडे कुणाच्या लक्षात आलं नाही आणि वाचकांपैकीही कुणी फोन केला नाही. ही तक्रार आहे असं समजू नये. १९७४ ते २०१० अशी छत्तीस वर्षं मी एका सहकारी बँकेत कॅशवर काढली, त्यामुळे एकच व्हाउचर दोनदा पोस्ट झालं की ते माझ्या डोळ्यांत खुपतं, एवढंच.

पण आमच्या घरी त्या चुकीचं प्रकरण बरंच पुढे गेलं. ते कळवायला हे पत्र. लांबलं तर कात्री लावायला माझी हरकत नाही. फक्त शेवटची विनंती कापू नये.

आमच्या सौ.ची रास वृश्चिक. मंगळवारी वृश्चिकेला लिहिलं होतं की अचानक प्रवासाचा योग आहे, जुन्या गोष्टींना उजाळा मिळेल. मंगळवारी ती कोपऱ्यावर कोथिंबीर आणायलासुद्धा बाहेर पडली नाही. बुधवारी तेच पुन्हा वाचून म्हणाली, "बघा, कालचा राहिलेला प्रवास आज आलाय." आणि अकराच्या सुमारास परसात धुण्याच्या दगडापाशी शेवाळावरून पाय घसरून पडली. उजवा घोटा. रिक्षानं विश्रामबागेपर्यंत प्रवास झाला, एक्स-रे झाला, सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. येताना रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आदळत होती, हिचा चेहरा कळांनी पांढरा पडला होता, तरी मला म्हणते, "भविष्य खरं झालं की नाही?"

मी म्हटलं, ते मंगळवारचं होतं.

"छापलं बुधवारी होतं ना? मग बुधवारचंच."

राहता राहिला जुन्या गोष्टींचा उजाळा. तो पुढच्या सहा आठवड्यांत झाला. मुलगा पुण्याहून दोन दिवस येऊन टीव्हीला इंटरनेट जोडून गेला. मग रोज दिवेलागणीनंतर दिवाणावर ही, पाय दोन उशांवर, शेजारच्या खुर्चीत मी, आणि समोर अशोक सराफांचा एक चित्रपट. अशोक सराफच का, तर हिचं म्हणणं की रडलं की अंग हलतं आणि पाय ठणकतो, हसताना तेवढा ठणकत नाही. यात वैद्यकीय तथ्य किती ते माहीत नाही. माझं कारण निराळं. तो माणूस आमच्यातला आहे. नाटकं करता करता जवळजवळ दहा वर्षं त्यांनी स्टेट बँकेत नोकरी केली. त्यामुळे पडद्यावर हवालदार असोत नाहीतर भूत, मला त्यांच्यात कुठेतरी काउंटरवरचा माणूस दिसत राहतो. समोरचा काय बोलणार हे आधीच कळलेलं आहे, पण पूर्ण ऐकून घ्यायचंय, असा जो त्यांचा चेहरा होतो ना, तो पासबुकाच्या रांगेपुढे बसल्याशिवाय येत नाही असं माझं पक्कं मत आहे. सौ. म्हणते, तुम्हाला सगळीकडे बँकच दिसते.

आता अंगठीचं. अशोक सराफांच्या बोटात नटराजाची एक अंगठी आहे. तिची हकिकत त्यांनी मुलाखतींतून सांगितलेली आहे. १९७४ च्या सुमारास त्यांच्या एका रंगभूषाकार मित्रानं, ज्यांचं दागिन्यांचं दुकान होतं, अंगठ्यांनी भरलेली पेटी आणली. त्यातली नटराजाची अंगठी त्यांना आवडली, ती बोटात बरोबर बसली, आणि दोन-चार दिवसांत दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' हाती आला. १९७५ साली तो झळकला आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून ती अंगठी त्यांनी काढलेली नाही.

ही हकिकत कळल्यापासून आमचं चित्रपट पाहणं बिघडलं. हिच्या हातात रिमोट. हात पडद्यावर आला की चित्र थांबवायचं. "दिसली का?" मी चष्मा पुसून टीव्हीपाशी जायचं. दोन-तीन चित्रपटांत स्पष्ट दिसली. बाकी ठिकाणी प्रिंट इतकी धुरकट की अंगठी आहे की बोटाचं पेर, काही कळेना. एका संध्याकाळी दोन तासांचा चित्रपट आम्ही साडेतीन तास पाहिला आणि शेवटी गोष्ट काय होती ते दोघांनाही सांगता येईना.

हिच्या मते प्रकरण सरळ आहे: अंगठी आली, नशीब उघडलं. मी म्हटलं, त्या पेटीत आणखीही अंगठ्या होत्या, त्या कुणी ना कुणी घेतल्या असतील. त्यांचं काय झालं? अंगठी घालून ज्यांचं काहीच झालं नाही त्यांना मुलाखतीला कोण बोलावतं? आणि अंगठीच्या आधीची वर्षं कुणाच्या खात्यावर लिहायची? मामा गोपीनाथ सावकारांच्या नाटकात, शिरवाडकरांच्या 'ययाति आणि देवयानी'त, त्यांनी विदूषक केला तेव्हा बोट रिकामंच होतं. तर हिनं दुसरं पान टाकलं. म्हणे, त्यांचं नाव अशोककुमारवरून ठेवलंय, नावातच होतं सगळं. आमच्या एका शाखेत तीन अशोक होते. एक कर्जविभागात, एक शिपाई आणि एक थकबाकीदाराला जामीन राहिलेला. तिघंही अशोककुमारच्याच बहराच्या काळातले. हे मी सांगितल्यावर त्या रात्री चित्रपट लागला नाही.

माझी स्वतःची समजूत बँकेतून आलेली आहे, ती सांगतो. दिवसअखेरीला एखादी रक्कम जास्त निघते, कुठली ते कळत नाही. किंवा परगावाहून पैसे येतात आणि खात्याचा नंबर जुळत नाही. अशी रक्कम तशीच टेबलावर ठेवता येत नाही, दिवस तर बंद करायचा असतो. मग ती सस्पेन्सला टाकतात. सस्पेन्स खातं म्हणजे काही गूढ प्रकार नव्हे. आज मेळ लागत नाही, उद्या शोधू, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक रकमांचा मालक आठ-पंधरा दिवसांत सापडतो आणि उलटी एंट्री होते. नशीब हा शब्द मी त्या खात्यासारखा वापरतो. नशिबाला टाकायला माझी ना नाही. पण दुसऱ्या दिवशी व्हाउचर शोधायचंच नाही, ही जी पद्धत पडली आहे ती मला पसंत नाही.

आमच्या गल्लीतलंच पाहा. आम्ही गावभागात राहतो, कृष्णेचं पाणी आम्हाला नवीन नाही. २००५ च्या पुरानंतर समोरच्यांनी घर पाडून बांधलं तेव्हा जोतं दोन फूट उचललं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आमच्या माजघरात गुडघ्याच्या वर आणि त्यांच्या उंबऱ्याला टेकून थांबलं. गल्ली अजून त्यांना नशीबवान म्हणते. त्या गवंड्याचं नाव कुणी घेत नाही.

पण सगळीच व्हाउचरं जोत्याइतकी सरळ नसतात, हेही मला मान्य करावं लागतं. तिसऱ्या आठवड्यात आम्ही 'चौकट राजा' पाहिला. १९९१ चा, संजय सूरकरांचा. मुन्नीसाठी झाडावर चढलेला नंदू खाली पडतो, डोक्याला मार लागतो, आणि अंगानं वाढलेला तो मुलगा मनानं तिथेच राहतो. दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून आमच्याकडे नियम मोडला गेला. ही रडली आणि पाय ठणकला. अशोक सराफ त्यात गणा आहेत. हसवायची इतकी ताकद असलेला माणूस तिथे दोन पावलं मागं उभा राहतो आणि नंदूला जागा करून देतो. त्यांच्या कामांत मला ते सर्वांत वरचं वाटतं. चौकट म्हणजे पत्त्यांतलं पान, हे हिच्या तेव्हाच लक्षात आलं. इतकी वर्षं ती चौकट म्हणजे दाराची समजत होती.

तर या चित्रपटात आधी नंदू करणार होते परेश रावल, आणि प्रभावळकरांकडे होता गणा. परेश रावल येऊ शकले नाहीत, तेव्हा ऐन वेळी प्रभावळकर नंदू झाले आणि गणा अशोक सराफांकडे आला. प्रभावळकरांनीच ही गोष्ट सांगितलेली आहे. एक माणूस आला नाही आणि दोघांच्या भूमिका बदलल्या. आज परेश रावलांचा नंदू डोळ्यांपुढे आणून पाहा बरं. ते थोर नट, पण माझ्याच्यानं होत नाही. झाडावरून पडण्याची गोष्ट, आणि ती कुणी सांगायची हेही असंच ठरलेलं. इथे सौ. माझ्याकडे बघून नुसती हसली. मी म्हटलं, सस्पेन्सला टाक.

ती हसली त्याला एक कारण आहे. आमच्या घरात या विषयावर पूर्वीपासून एक जुनी एंट्री आहे.

१९७७ सालची गोष्ट. राज्य नाट्यस्पर्धा, सांगली केंद्र, प्रयोग भावे नाट्यमंदिरात रात्री साडेआठला. त्यात माझ्याकडे धाकट्या भावाची भूमिका होती, दुसऱ्या अंकात एक मोठा प्रवेश. दीड महिना तालमी झाल्या होत्या. त्या दिवशी कॅश बंद करताना शंभर रुपये शॉर्ट. शंभर म्हणजे तेव्हाचं आमच्या खोलीचं दोन महिन्यांचं भाडं. आणि पैशांचं सोडा, कॅश जुळल्याशिवाय तिजोरी बंद करता येत नाही. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मॅनेजरांकडे. स्क्रोल तीनदा तपासलं. सुटी नाणी पुन्हा मोजली. टोकनं जुळवली. मॅनेजर चांगला माणूस, नाटकाचा पासही घेतलेला, पण तो तरी काय करणार? फरक माझ्या नावावर लिहून, सह्या करून, तिजोरीला दोन्ही किल्ल्या लावून मी सायकल मारत भावे नाट्यमंदिरात पोचलो तेव्हा दुसरा अंक अर्ध्यावर आला होता. धाकटा भाऊ रंगमंचावर होता. माझ्याच सदऱ्यात. आमचा प्रॉम्प्टर.

त्याला सगळ्यांचीच वाक्यं पाठ असायची, म्हणून त्याला उभं केलं. मी शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून पाहिलं. चांगलं केलं त्यानं. माझ्यापेक्षा चांगलं केलं, हे आज म्हणवतं, तेव्हा म्हणवलं नव्हतं. निकालात त्याला अभिनयाचं रौप्यपदक मिळालं.

आता पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडायच्या आत एका हळदीच्या अडतीवरचा मुनीम पायरीवर उभा. "साहेब, काल तुमच्याकडून एक नोट जास्त आली." कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटतात. पाकीट फोडल्यावर ते वाकवून, फरफरवून मगच मोजायचं असतं, हे कॅशमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. आदल्या दिवशी मनात भावाची वाक्यं घोळत होती म्हणून मी ते केलं नाही. म्हणजे व्हाउचर सापडलं: नाटकापायी नाटक गेलं. आणि अडत कुणाची? त्याच प्रॉम्प्टरच्या वडिलांची! त्यांच्या गल्ल्यात माझी शंभराची नोट रात्रभर पडलेली, आणि त्यांचा मुलगा माझा सदरा घालून टाळ्या घेतोय. अशोक सराफांच्या चित्रपटात हे दाखवलं असतं तर लोक म्हणाले असते, काहीतरीच काय.

लग्नानंतर पहिल्यांदा मी हे हिला सांगितलं तेव्हापासून हिचं मत ठाम आहे की ते पदक त्याच्याच कपाळी होतं, मी निमित्तमात्र. पण त्या पदकाचं पुढे झालं काय, हे ती सोयीनं विसरते. प्रॉम्प्टरनं पुन्हा कधी तोंडाला रंग लावला नाही. पुढच्या वर्षी त्याला दोन संस्थांनी विचारलं. हळदीचा हंगाम होता, वडील नको म्हणाले, यालाही फारशी ओढ नव्हती. तो गादीवर बसला आणि सुखात राहिला. मार्केट यार्डात त्याच्याकडे गेलो की ते पदक सौद्याच्या चिठ्ठ्यांवर वजन म्हणून ठेवलेलं दिसायचं. आणि मी? मी पुढे सात-आठ वर्षं स्पर्धांतून लहानसहान कामं केली. त्या रात्री मी रंगमंचावर असतो तर मुंबईला गेलो असतो का, असं मुलानं एकदा विचारलं. नसतो गेलो. मला मुंबईत दोन दिवसांच्या वर झोप येत नाही.

म्हणून नशिबाचं दार उघडलं वगैरे वाचलं की मला त्या चिठ्ठ्या आठवतात.

चौथ्या आठवड्यात मात्र माझी सगळी हिशेबी भाषा बंद पडली. आम्ही 'गोंधळात गोंधळ' लावला. १९८१ चा. लग्नाला वर्ष झालेलं असताना थिएटरात पाहिलेला. बाल्कनीची दोन तिकिटं, मध्यंतरात बटाटेवडा. रंजना आणि अशोक सराफ. रंजना धावते, वळते, चिडते, डोळे मोठे करते, आणि अशोक सराफांसारख्या नटालाही तिच्यापुढे सावध राहावं लागतं, ते स्पष्ट दिसतं. त्या काळात आमच्या गल्लीतल्या निम्म्या मुली तिच्यासारखी साडी नेसायच्या. आमची हीसुद्धा.

१९८७ साली बंगळूरकडे शूटिंगला जाताना तिच्या मोटारीला अपघात झाला आणि पाय गेले. पुढे चाकाच्या खुर्चीत. तसंही एक नाटक केलं तिनं. २००० साली गेली, पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

हिनं चित्र थांबवलं. मला वाटलं, अंगठी दिसली असेल. पण पडद्यावर हात नव्हताच. रंजना जिना उतरत होती. ही आपल्या प्लास्टरकडे बघत होती. म्हणाली, "माझं दोन आठवड्यांत निघेल नाही का हो?" मी हो म्हटलं. मग तिनं चित्र पुढे सुरू केलं, पण आवाज बंदच ठेवला, आणि बाकीचा चित्रपट आम्ही तसाच पाहिला.

या एंट्रीचं व्हाउचर माझ्याकडे नाही. मोटार, रस्ता, वेग असं काही म्हणता येईल, पण मला ते म्हणवत नाही. आणि अंगठी, रास, पत्रिका लावून ती रक्कम कुणी जुळवून दाखवली, तर तेही मला नको आहे. ती सस्पेन्सलाच राहू दे. बँकेतही काही रकमा मी रुजू झालो तेव्हापासून होत्या आणि निवृत्त झालो तेव्हाही तशाच होत्या.

शेवटच्या आठवड्यात 'अशी ही बनवाबनवी'. तो टाळला असता तर हिनं घरात अन्न शिजू दिलं नसतं. (तसंही सहा आठवडे मीच शिजवत होतो. आमटी बरी जमते.) १९८८ सालचा चित्रपट, भाड्याच्या जागेसाठी केलेली ती सगळी सोंगं तुम्हा-आम्हाला पाठ आहेत, त्यावर काय लिहायचं? पण कॅशियरच्या नजरेनं मी त्या चौघांची वयं मांडत बसलो. सर्वांत मोठे अशोक सराफ, १९४७ चे. मग लक्ष्मीकांत बेर्डे, मग सचिन, आणि सर्वांत धाकटा सिद्धार्थ रे. २००४ च्या मार्चमध्ये सिद्धार्थ रे गेला, जेमतेम चाळिशीचा. त्याच डिसेंबरात लक्ष्मीकांत. चित्रपटात घरमालक झालेले सुधीर जोशी पुढच्या वर्षी डिसेंबरात. आणि चौघांत थोरले अशोक सराफ. त्यांना महाराष्ट्र भूषण मिळालं, २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, आणि पंचाहत्तरी उलटल्यावरही ते नाटकाचे प्रयोग करत राहिले. मी हे पाठकोऱ्या कागदावर मांडत होतो, तोवर ही साडी नेसलेल्या लक्ष्मीकांतला बघून इतकी हसली की एक उशी खाली पडली. मी कागद दुमडून ठेवला.

प्लास्टर गेल्या सोमवारी निघालं. घोटा अजून सुजतो, पण काठी घेऊन ओट्यापर्यंत जाते. परसातलं शेवाळ मी फरशीच्या ब्रशनं घासून काढलं. हे सहा महिन्यांपूर्वी करायला हिनं सांगितलं होतं, ही नोंद माझ्या नावावर करावी. तिथे सस्पेन्स वगैरे काही नाही.

आता विनंती. त्या बुधवारसाठी आपल्या ज्योतिषीबुवांनी खरं जे भविष्य लिहून दिलं असेल, ते आपल्या कार्यालयात कुठेतरी पडून असणार. सौ.चं म्हणणं आहे की त्या दिवशी आपल्या वाट्याला मुळात काय होतं ते कळायला हवं. मी बरीच समजूत घातली, उपयोग झाला नाही. तरी कृपया वृश्चिकेपुरत्या ओळी काढून पाठवाव्यात. सोबत आमचा पत्ता घातलेलं पाकीट जोडलं आहे. पाच रुपयांचं तिकीट लावलं आहे. एकच आहे, दोन चिकटलेली नाहीत, वाकवून पाहिलं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त हेड कॅशियर,
गावभाग, सांगली